रुळावर माणूस गेला, तर : कोकण मार्गावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे कोकण रेल्वे अजून बहुतेक ठिकाणी एकेरीच आहे. म्हणजे सावर्डे आणि आरवली रोडच्या मधे रुळावर मृतदेह पडला, तर खाली जाणारी गाडीही थांबते आणि वर येणारीही. बाजूच्या लाइनीवरून काढा म्हणायची सोय नाही. दोन तास हा खोळंबा राहिला, तर त्याचे धक्के रात्रीपर्यंत मडगावपासून पनवेलपर्यंत बसत राहतात.

हे लिहितोय ते स्टेशनवर नव्याने लागलेले मास्तर, पॉइंट्समन, ट्रॅकमन, हद्दीतल्या ठाण्यात बदलून आलेले बीट अंमलदार आणि लाइनीच्या कडेच्या गावांतले पोलीस पाटील यांच्यासाठी. माझी सगळी नोकरी स्टेशनवर गेली, त्यामुळे रेल्वेची बाजू थोडी जास्त दिसेल. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना सांगण्यासारखी आहे. गाडी पंचनाम्यामुळे अडकत नाही, अडकते ती वाट बघण्यामुळे. मेमो (पोलिसांना द्यायची लेखी खबर) लिहायला उशीर, हद्द कुणाची यावर फोनाफोनी, पंच मिळत नाहीत, मृतदेह उचलायला माणसं नाहीत, गाडी कुठपर्यंत येईल ते ठाऊक नाही. घाई करायची ती या सगळ्यात. जागेवरच्या नोंदीत घाई केलीत, तर त्याचे पैसे कुणीतरी दुसराच मोजतो, आणि बहुतेक वेळा ती मयताची बायको असते.

काही घडायच्या आधीच करायचं काम

आपल्या स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या ब्लॉक सेक्शनचा (शेजारच्या स्टेशनपर्यंतच्या लाइनीच्या टप्प्याचा) एक तक्ता करून भिंतीला लावा. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत कुठलं पोलीस ठाणं, कुठली वाडी, पोलीस पाटलाचा नंबर, जवळचं सरकारी रुग्णालय, आणि चारचाकी कुठपर्यंत येते. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. नकाशात रस्ता लाइनीला चिकटून दिसतो, प्रत्यक्षात मधे वीस मीटरची कटिंग असते, नाहीतर व्हाळ (ओढा). कुठल्या फाटकातून, कुठल्या पाणंदीने खाली उतरता येतं ते कीमनला (रोज लाइन चालत तपासणाऱ्या ट्रॅकमनला) पाठ असतं. त्याला शेजारी बसवूनच तक्ता भरा.

हद्दीचे घोळ ठरलेल्या जागी होतात. विन्हेरे रायगडात आणि दिवाणखवटी रत्नागिरीत. राजापूर रोड रत्नागिरीत, वैभववाडी रोड सिंधुदुर्गात. मडुऱ्याच्या पुढे पेडणे लागलं की राज्यच बदलतं. आपल्या भागात आकस्मिक मृत्यूची नोंद जिल्हा पोलिसांचं ठाणं घेतं की लोहमार्ग पोलीस, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडे जाऊन विचारा. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान जागेवर लवकर पोचतात, मदतही करतात, पण मृत्यूचा तपास त्यांचा नाही, पोलिसांचा आहे. नवे मास्तर दलाच्या शिपायाला सांगून मोकळे होतात आणि ठाण्याला तासाभराने कळतं. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ११३ प्रमाणे जीवितहानी झालेल्या अपघाताची खबर विनाविलंब पोहोचवणं ही जवळच्या स्टेशन मास्तरचीच जबाबदारी आहे.

जिवंत आहे का, हा पहिला प्रश्न

लोको पायलट किंवा गार्ड (कागदावर आता ट्रेन मॅनेजर) कळवतो, तेव्हा बहुतेक वेळा ‘रनओव्हर’ एवढंच कळवतो. लगेच मृत धरू नका. शीर वेगळं झालंय इतकं उघड नसेल, तर माणूस जिवंत आहे असं समजूनच पावलं टाका. १०८ ला फोन करा, आणि जवळचं स्टेशन गाठणं जलद असेल तर त्याच गाडीतून आणा. जखमीला हलवायला कुणाचीही परवानगी लागत नाही, पंचनामाही लागत नाही. फक्त तो कुठे पडला होता ते कुणीतरी खडूने स्लीपरवर खूण करून ठेवावं.

मेमो : एकाच वाक्यावर सगळं अवलंबून असतं

पोलिसांना द्यायचा मेमो दोन ओळींत उरकायची सवय आहे. ‘किमी अमुक ला एक इसम मयत स्थितीत, पुढील कार्यवाहीस्तव.’ असा मेमो नंतर कुणाच्याच कामाचा नसतो. त्यात हे हवंच : लोको पायलटने माणूस चालत्या इंजिनासमोर येताना पाहिला, की आधीपासून पडलेला पाहिला, की गाडीतून कुणी पडल्याचं प्रवाशांनी सांगितलं? या तिन्हींचा अर्थ कायद्यात वेगवेगळा आहे.

चांगला मेमो साधारण असा असतो :

‘डाउन पॅसेंजरच्या लोको पायलटने २१.४२ वाजता वॉकीटॉकीवर कळवलं. किमी १५१ च्या खांब क्रमांक ६ व ७ च्या दरम्यान, गाडीच्या दिशेने डावीकडून अंदाजे ४० वर्षांचा पुरुष रुळावर आला. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला. गाडी १५२/२ ला थांबली. गार्डने मागे जाऊन पाहिलं, हालचाल नाही. देह दोन्ही रुळांच्या मधे, डोकं रत्नागिरीच्या बाजूला. इंजिन क्रमांक अमुक. इंजिनाच्या पुढच्या भागावर रक्ताचे डाग आहेत.’

हे लिहायला पाच मिनिटं लागतात. आधी फोनवर वाचून दाखवा, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, मूळ प्रत माणसासोबत द्या. मेमोतली वेळ आणि ट्रेन सिग्नल रजिस्टरमधली (स्टेशनवर गाड्यांच्या वेळा लिहायच्या वहीतली) वेळ एकच हवी. ठाण्याच्या डायरीत २२.१०, पंचनाम्यात २१.३० आणि रजिस्टरात २१.४२ असं झालं, की पुढे वकील त्याच्यावरच उभा राहतो.

लोको पायलटला गाडीतून उतरवून ठाण्यात न्यायचा आग्रह नव्या अंमलदारांनी धरू नये. त्याच्या बदली माणूस मिळेपर्यंत अख्खी गाडी रानात उभी राहते. त्याचं नाव, मुख्यालय आणि इंजिन क्रमांक घ्या. सविस्तर जबाब नंतर घेता येतो. तो कुठे पळून जात नाही, त्याच्या नोकरीचा पत्ता तुमच्याकडे आहे.

लाइन मोकळी करायची की थांबायचं

इथे नवा माणूस गोंधळतो. मृतदेहाला हात लावायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

देह रुळांपासून लांब, गाडीच्या मापाबाहेर पडलेला असेल, तर गाड्या थांबवायचं कारणच नाही. जागेवर माणूस उभा करा, कॉशन (गाडी हळू चालवण्याची लेखी सूचना) देऊन गाड्या हळू काढा, आणि पोलीस येईपर्यंत कुणाला जवळ फिरकू देऊ नका.

देह रुळावर आहे, लोको पायलटने घटना डोळ्यांनी पाहिली आहे आणि घातपाताचा काही वास नाही, अशा वेळी जागेची पूर्ण नोंद करून तो लाइनीच्या कडेला घेता येतो. आधी ठाण्याच्या अंमलदाराशी फोनवर बोला, त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. सहसा तोही म्हणतो, ‘मास्तर, फोटो नीट काढा आणि घ्या बाजूला, आम्ही निघालोय.’ कडेला घेतलेल्या देहावर चादर घाला आणि राखण ठेवा. कुत्री येतात, कोल्हे येतात. एवढंही कुणी आठवणीने करत नाही.

तिसरी वेळ संशयाची. तिथे पोलीस येईपर्यंत काही हलवायचं नाही, गाड्या कितीही तुंबोत. संशय कशावरून? आताच गाडी गेली म्हणताय आणि अंग थंड पडून ताठ झालंय. एवढी जखम असून खडीवर रक्त नाही. फरफटल्याची खूण गाडीच्या दिशेने न जाता आडवी, पाणंदीकडे जाते. हात बांधलेले आहेत. इंजिनाच्या तोंडावर काहीच खूण नाही. यातलं एक जरी दिसलं तरी कंट्रोलला (गाड्यांच्या नियंत्रण कक्षाला) स्पष्ट शब्दांत सांगा : ‘संशयास्पद आहे, पोलिसांनी सांगितल्याशिवाय लाइन देत नाही.’ कंट्रोलवरून तासाभरात चार वेळा फोन येईल. प्रत्येक वेळी हेच वाक्य सांगायचं.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आतल्या विवाहितेचा मृत्यू असेल, तर तहसीलदारांनाही कळवावं लागतं, तेव्हा ठाण्याला हे आधीच सांगा. शवविच्छेदन टाळण्याची मुभा तिथे नाही.

जागेची नोंद

इथे वेळ द्या. हात चालता असेल तर अर्ध्या तासात होतं.

मोबाइलवर आधी लांबून व्हिडिओ काढा. दोन्ही बाजूंचे खांब क्रमांकासकट दिसले पाहिजेत. मग जवळ या. देह ज्या स्थितीत आहे तसा चारही बाजूंनी. मग जखमा, कपडे, पायातलं. पायातलं का, तर चप्पल दहा मीटर मागे एकटी पडलेली असते आणि ती कुठे पडली यावरून धडक कुठे बसली ते कळतं. चपला कडेला नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या, तर तीही नोंद तशीच करा, त्यावर मत देऊ नका. मोजमाप पावलांनी नको, टेपने घ्या : डाव्या रुळापासून किती, खांबापासून किती.

खिशातलं सामान पंचांसमोर काढा. पावसाळ्यात कागदी तिकीट हातात येईपर्यंत लगदा होतं, तेव्हा ते सापडताच आधी फोटो आणि नंबर, मग पाकीट. तिकीट मोबाइलवर असेल तर फोन बंद करू नका. तो वाजत राहील. स्क्रीनवर ‘आई’ किंवा ‘घर’ असं येईल. उचलायचा तो पोलिसांनी, रेल्वेच्या माणसाने नव्हे. आणि उचलणाऱ्याने आधी आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगायचं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १९४ खाली मरणोत्तर पंचनामा शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा असतो, आणि अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायचा असतो. पंच म्हणून पॉइंट्समन आणि ट्रॅकमनच्या सह्या घेऊन मोकळं व्हायची पद्धत सोयीची आहे, पण मला ती पटत नाही. उद्या भरपाईचा दावा रेल्वेवर होणार आणि पंच रेल्वेचेच नोकर. वाडीतली माणसं सही करायला कचरतात, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून. पोलीस पाटलाने दिवसाउजेडी चार शहाण्या माणसांना विचारून ठेवलं असेल, तर रात्री दार वाजवायला लाज वाटत नाही.

पंचनाम्यात ‘रेल्वेखाली आत्महत्या केली’ असं अंमलदार सहज लिहून जातो. कारण ठरवणं तपासाच्या शेवटी होतं. जागेवर फक्त दिसलं ते लिहायचं. त्या एका शब्दाने घराला मिळणारे ८ लाख रुपये जाऊ शकतात, कसं ते पुढे येतं.

बोगदा, पाऊस, आणि वरची तार

२०२२ पासून सगळ्या मार्गावर विजेची तार आहे, २५,००० व्होल्टची. देह डब्याच्या छपरावर अडकला असेल, किंवा शिडी, बांबू असलं काही वर न्यायचं असेल, तर पॉवर ब्लॉक (तारेतली वीज बंद केल्याची हमी) लेखी मिळाल्याशिवाय कुणीही चढायचं नाही. फोनवरचं ‘झालं, बंद केली’ पुरेसं नाही.

बोगद्यात मोबाइल चालत नाही. उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे वॉकीटॉकी घेऊन जा, आणि मार्गावर साधारण दर किलोमीटरला आपत्कालीन फोनचे सॉकेट आहेत, त्यांची जागा माहीत करून घ्या. आत नोंद करताना दोन मोठे टॉर्च हवेत, एकाने सावल्या पडतात. बोगद्यातून देह बाहेर काढायला रस्ता नसतोच. ट्रॉलीवरून किंवा गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून न्यावा लागतो. ट्रॉलीला ब्लॉक (तेवढा वेळ लाइन गाड्यांना बंद) लागतो, तो आधीच मागून ठेवा, देह बांधून झाल्यावर नव्हे.

पावसात रक्त, पायांचे ठसे, इंजिनावरचे डाग, सगळं अर्ध्या तासात धुऊन निघतं. म्हणून पुढच्या स्टेशनच्या मास्तरला लगेच सांगा की इंजिनाच्या तोंडाचे फोटो काढ. त्याच्याकडे गाडी दोन मिनिटं थांबणार असते, तेवढी पुरतात. देह आधीपासून पडलेला दिसला असेल, तर त्याआधी गेलेल्या गाड्यांची इंजिनंही तपासावी लागतात, त्यात मालगाडी आणि रो-रो (ट्रक वाहून नेणारी गाडी) विसरू नका.

लाइन परत देताना

देह उचलला म्हणजे लाइन मोकळी झाली असं नाही. रूळ, क्लिपा, स्लीपर ट्रॅकमनने पाहिले पाहिजेत, खडीवर कुणाची पिशवी, टॉर्च, काठी राहिलेली नाही ना ते पाहायचं, माणसं मोजायची. मग पोलिसांकडून लेखी घ्यायचं की जागेवरचं काम झालं. ही वेळ पंचनाम्यातही टाकायला सांगा. पहिली गाडी कॉशनने काढा, माणसं अजून कडेला असतात.

उभ्या असलेल्या गाडीतल्या लोकांना मात्र खरं सांगा. ‘तांत्रिक कारणास्तव’ म्हटलं की लोक खाली उतरतात, पुढे चालत जातात, मोबाइल काढतात, आणि मयताचा व्हिडिओ घरच्यांच्या आधी गावाच्या ग्रुपवर पोचतो. गणपतीत चाकरमान्यांनी खच्चून भरलेली गाडी असेल, तर गर्दी आवरायला देहाजवळ असतात त्याहून जास्त माणसं लागतात. रोहा-वीर पट्ट्यात तर बाजूच्या लाइनीवर दुसरी गाडी येते, तिथे उतरू देणं म्हणजे आणखी एक पंचनामा ओढवून घेणं.

गाडीच घसरली तर

हे वेगळं प्रकरण आहे, थोडक्यात सांगतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी विशेष गाडी दरडीच्या दगडांवर आदळली, ५० च्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली, तिथेही कारण दरडच. अशा अपघातात पोलिसांच्या जोडीला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी असते, आणि हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, रेल्वेच्या नव्हे.

माणसं बाहेर काढण्यासाठी डबा कापावा लागला तर कापा, पुरावा गेला तरी चालेल. त्यानंतर मात्र क्रेन लावायच्या आत रूळ, चाकं, दगड यांची मोजमापं, फोटो आणि वेगवेगळ्या विभागांच्या पर्यवेक्षकांची संयुक्त टिपणी झाली पाहिजे. स्टेशनवरचं सिग्नलचं पॅनेल, रिले रूम आणि सिग्नलच्या नोंदी ठेवणारा डेटा लॉगर सील करा. दगड आपणहून आला की कुणी ठेवला, हा प्रश्न पोलीस विचारणारच. त्यासाठी एक तरी दगड तसाच ठेवा. वरून सुटलेल्या दगडाच्या एका अंगाला ओली लाल माती आणि तुटलेली मुळं चिकटलेली असतात, आणि कटिंगवर त्याच मापाची ताजी खोबण दिसते. मदतगाडीने ढिगारा एकदा दरीत लोटला, की हे कुणालाच दाखवता येत नाही.

नातेवाईक आणि कागद

शवविच्छेदनासाठी चिपळूण भागातून कामथ्याला, खेडकडून कळंबणीला, कणकवली भागातून कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात नेतात. सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला २०२१ पासून परवानगी आहे, पण खून, आत्महत्या किंवा संशयाच्या प्रकरणांना ती सहसा लागू नाही. नातेवाइकांना हे आधी सांगा, म्हणजे ते रात्रभर डॉक्टरांशी भांडत बसत नाहीत.

ओळख पटत नसेल, तर गोंदण, दातांची ठेवण, कपड्यावरचं शिंप्याचं लेबल यांचे फोटो वेगळे काढा. आंब्याच्या हंगामात बागांत राखणीला असलेले नेपाळी कामगार आणि बंदरातले परराज्यांतले खलाशी यांची माणसं इथे नसतात. बागायतदाराला, नौकामालकाला विचारायला दुसऱ्या दिवशी सकाळीच माणूस पाठवा.

आता त्या ८ लाखांविषयी. चालत्या गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाच्या वारसांना रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ खाली एवढी भरपाई मिळते. आत्महत्या असेल तर नाही. रूळ ओलांडताना गेलेल्यालाही नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, एक वर्षाच्या आत करायचा. तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. वारसांनी प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची. रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि स्त्रियांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो.

अंत्यविधीच्या गडबडीत हे कुणाच्या कानावर पडत नाही. म्हणून अंमलदाराने एका चिठ्ठीवर आकस्मिक मृत्यू नोंद क्रमांक, ठाण्याचा फोन, स्टेशन मास्तरच्या मेमोची तारीख आणि शवविच्छेदन कुठे झालं ते लिहून घरातल्या जाणत्या माणसाच्या खिशात घालावं. पंधरा दिवसांनी ते ठाण्यात येतात, तेव्हा पंचनाम्याची आणि अहवालाची प्रत मागायला त्यांच्याकडे निदान नंबर तरी असतो.